फुलाने ओळखा, गाभ्याने विका
बांधावरच्या फुलझाडांचा आणि त्यांच्या मोलाच्या लाकडाचा एक पाठ



उसाचे टनेज, लागणीचा हंगाम, खोडव्याची निगा यांवर आपण नेहमीच वाचतो. आज पाठ घ्यायचा आहे तो बांधावरच्या झाडांचा. ऊस आपल्या शेतात वर्ष-दीड वर्ष राहतो. बांधावरचा साग, शिसव किंवा बाभूळ मात्र वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षे उभी असते. तिला लागण नाही, बिल नाही, पाळी नाही. म्हणून तिचा हिशेबही कोणी ठेवत नाही. आणि ज्या मालाचा हिशेब मालकाकडे नसतो, त्याचा भाव नेहमी घेणारा ठरवतो.

लग्नकार्य निघाले, आजारपण आले, विहिरीचे काम अडले की वखारवाल्याला निरोप जातो. तो येतो, झाडाभोवती एक चक्कर मारतो, खोडावर कुऱ्हाडीचा तुंबा आपटतो आणि म्हणतो, "दादा, आत पोकळ निघालं तर माझं मरण. सरसकट एवढे देतो." आपणही हो म्हणतो. झाड उभे असताना त्यात किती लाकूड आहे, त्यातले पक्के किती, हे आपल्याला मोजता येत नाही, म्हणून हा सौदा होतो. हे मोजणे अवघड नाही. सातवीच्या गणितात बसेल इतके सोपे आहे. ते पुढे पाहू. आधी झाडांची ओळख.

फुलाचा डौल आणि लाकडाचे मोल

आपल्याकडे म्हण आहे, दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. झाडांच्या बाबतीत ती तंतोतंत लागू पडते. शिमग्याच्या सुमारास पळस, पांगारा आणि काटेसावर नुसते पेटल्यासारखे फुलतात. लांबून नजर ठरत नाही. पण लाकूड? सावरीचे लाकूड आगकाड्या आणि खोकी करण्याच्या कामाचे. पांगाऱ्याचे हलके आणि मऊ. पळसाचेही मऊच, फक्त पाण्याखाली टिकते म्हणून जुने लोक विहिरीच्या कामाला वापरत. गुलमोहर तर मादागास्करहून आलेला पाहुणा. दिसायला राजबिंडा, पण मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात पहिला तोच मोडतो.

उलट सागाचे फूल पाहा. भर पावसाळ्यात शेंड्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे मोठे तुरे येतात. निम्म्या लोकांचे तिकडे लक्षही जात नाही. शिसवीचे फूलही बारीकच. पण लाकडाच्या बाजारात मान यांनाच.

याचा अर्थ फुलाचा उपयोग नाही असा नव्हे. झाडाची खरी ओळख फुला-फळावरूनच पटते. पानावरून फसगत होते, खोडावरून तर फारच. आणि फुलांवर मधमाशी येते. उसाला तिची गरज नसली, तरी शेजारच्या सूर्यफुलाला, कांद्याच्या बियाण्याला, वेलवर्गीय भाज्यांना तिची गरज असते. तेव्हा फुलावरून झाड ओळखावे आणि गाभ्यावरून त्याचे मोल करावे, असा या पाठाचा सारांश आहे.

आपल्या ओळखीची सात झाडे

साग. फुलांनंतर फुग्यासारख्या पातळ आवरणात गोल फळ येते. कोवळे पान तळहातावर चोळले की लाल रंग येतो, ही पक्की खूण. निचऱ्याची खोल जमीन लागते. पाणी साचून राहणाऱ्या जमिनीत साग कुढतो.

शिसव. पांढरट बारीक फुले, चपट्या शेंगा. गाभा काळसर जांभळा. वाढ सावकाश. हिच्या नावाखाली पुष्कळदा सिसूची रोपे दिली जातात. सिसूचे लाकूडही चांगले आहे, पण ते वेगळे आणि गाभा तपकिरी. फरक पानात बघावा: सिसूच्या पानाला तीन ते पाच टोकदार पर्णिका असतात, शिसवीला साधारण पाच ते सात आणि त्यांची टोके बोथट, गोलसर.

बिवळा. पावसाळ्याच्या शेवटी सुवासिक पिवळी फुले, नंतर नाण्यासारखी गोल पंखाची फळे. सालीला खाच पडली की रक्तासारखा लाल डिंक येतो. या लाकडाच्या पेल्यात पाणी ठेवले तर काही वेळाने त्यावर निळसर झाक दिसते. लाकूड टणक आणि टिकाऊ.

शिवण. उन्हाळ्याच्या तोंडाला पिवळी-तपकिरी फुले. झाड लवकर वाढते. लाकूड फिकट, वजनाला हलके, पण वाळल्यावर वाकत-पिळत नाही. म्हणून फळ्या, कोरीवकाम आणि वाद्ये यांसाठी त्याला मागणी.

बहावा. वैशाखात सोनेरी झुंबरे लोंबतात ती याचीच. शोभेचे झाड म्हणून आपण त्याकडे पाहतो, पण याचा गाभा चांगला टणक. खांब, औजारे आणि गाडीकामाला चालतो. फुलाचा डौल आणि लाकडाचा टणकपणा दोन्ही असलेले हे झाड.

ताम्हण. आपले राज्यपुष्प. महाराष्ट्र दिनाच्या आसपास जांभळ्या फुलांनी भरते. मूळचे ओढ्या-नदीकाठचे, म्हणून ओल सोसते. लाकूड तांबूस आणि मजबूत. बाजारात ते जारूळ नावाने ओळखतात आणि होड्या बांधण्यासाठी वापरतात.

बाभूळ. पिवळ्या गोंड्यांची आपली जुनी सोबतीण. गाडीचे आरे, नांगराचे हाळीस, जू, सगळे हिच्या लाकडाचे. साखर कारखाने येण्याआधी ज्या लाकडी चरकावर ऊस गाळला जाई, तो चरकही पुष्कळ ठिकाणी बाभळीचाच असे. म्हणजे उसाशी हिचे नाते कारखान्यापेक्षा जुने. रामकाठी जातीची बाभूळ सरळ उंच जाते, फांद्या खोडालगत राहतात, म्हणून बांधावर तिची सावली कमी पडते.

टणक तेच महाग का?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजी वनशास्त्रात रुंद पानांच्या सगळ्या झाडांच्या लाकडाला सरसकट 'हार्डवुड' म्हणतात. त्या हिशेबाने आपली मऊ काटेसावरही हार्डवुडच ठरते. देवदार, चीड यांसारखी सूचीपर्णी झाडे तेवढी 'सॉफ्टवुड'. तेव्हा जाहिरातीत 'हार्डवुडची रोपे' असे लिहिले म्हणून लाकूड टणक निघेलच, असे मुळीच नाही.

शिवाय टणकपणा म्हणजेच किंमत, असेही नाही. बाभूळ सागापेक्षा जड आणि टणक आहे, तरी भाव सागाला जास्त. याचे कारण सागाच्या गाभ्यातले नैसर्गिक तेल. त्यामुळे वाळवी सहसा लागत नाही, पाण्याने लाकूड लवकर कुजत नाही, ते फुगत-आकसत कमी आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. म्हणूनच मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागाची जहाजे बांधली. त्यांतले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरले. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे ते अजून तरंगत आहे.

ही करामत गाभ्याची. सागाच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ती नाही.

गाभा तयार कसा होतो?

झाडाच्या खोडाचे आडवे कापलेले तोंड पाहिले तर बाहेर फिकट कडे आणि आत गडद गोल दिसतो. बाहेरचे लाकूड जिवंत. मुळांनी घेतलेले पाणी त्यातून शेंड्याकडे चढते. त्यात पिष्ठ पदार्थ असतात, म्हणून किडीला ते गोड लागते. घराच्या चौकटीखाली बारीक पीठ पडू लागले की समजावे, सुताराने पांढरे लाकूड वापरले आहे.

खोड जाड होत जाते तसे आतले जुने थर पाणी वाहण्याचे काम सोडतात. त्यांच्या नळ्या बंद होतात आणि त्यांत तेल, राळ, टॅनिन असे पदार्थ साठतात. रंग गडद होतो, कीड आणि बुरशी यांना दाद मिळत नाही. हाच गाभा. खैराचा कात गाभ्यातूनच निघतो आणि चंदनाचे तेलही गाभ्यातूनच.

आपल्याला हे उसावरून चटकन कळेल. उसाची बुडख्याकडची कांडी आधी पक्व होतात, वाढे शेवटपर्यंत कच्चे राहते. कोवळा ऊस तोडला तर वजन भरते पण उतारा बसत नाही. झाडाचेही तसेच. कोवळ्या सागाचा घेर दिसतो, पण आत गाभ्याचा उतारा नसतो. फरक इतकाच की उसाची पक्वता महिन्यांत येते आणि सागाची दशकांत. सरकारी जंगलात साग पन्नास ते ऐंशी वर्षे राखतात, ते उगाच नाही.

शिवणीसारख्या काही झाडांत गाभा आणि बाहेरचे लाकूड रंगाने वेगळे ओळखू येत नाही, हेही ध्यानात असावे.

आता गणित

लाकडाच्या व्यापारात गोल ओंडक्याचे माप चौथाई घेराच्या रीतीने करण्याचा जुना प्रघात आहे. ओंडक्याच्या मध्यावर घेर फुटात मोजायचा. त्याला चारने भागायचे. आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचे. मग लांबीने गुणायचे. उत्तर घनफुटात येते.

दोन ओंडके घेऊ, दोन्ही दहा फूट लांब.

पहिल्याचा घेर २ फूट. दोनला चारने भागले, अर्धा. अर्धा गुणिले अर्धा, पाव. पाव गुणिले दहा, म्हणजे २.५ घनफूट.

दुसऱ्याचा घेर ४ फूट. चारला चारने भागले, एक. एक गुणिले एक, एक. एक गुणिले दहा, म्हणजे १० घनफूट.

घेर दुप्पट झाला, लाकूड चौपट झाले. पण गोष्ट इथेच संपत नाही. उदाहरणापुरते समजा, दोन्ही ओंडक्यांत बाहेरचे पांढरे लाकूड सगळीकडून एक इंच जाड आहे. ते वजा करून नुसत्या गाभ्याचा हिशेब केला, तर पहिल्या ओंडक्यात गाभा जेमतेम ५४ टक्के निघतो आणि दुसऱ्यात ७५ टक्के. म्हणजे नुसत्या गाभ्यापुरते पाहिले तर दुसरा ओंडका पहिल्याच्या साडेपाच पट आहे. शिवाय जाड ओंडक्यातून रुंद फळ्या निघतात आणि रुंद फळीला घनफुटामागे दरही जास्त मिळतो.

आता सांगा, दोन फूट घेराचा साग गरजेपायी विकणारा काय गमावतो? अडीच घनफूट विकून तो पुढचे साडेसात घनफूट घालवतो, आणि त्यातले बहुतेक अस्सल गाभ्याचे. नड माणसाला सांगून येत नाही, हे खरे. पण विकायचेच झाले तर सगळी रांग एकदम देऊ नये. वाकडी, दुबेळकी, दबलेली झाडे आधी काढावीत आणि सरळ, जाड झाडे राखावीत. आपण बहुधा याच्या नेमके उलट करतो, कारण वखारवाला सरळ झाडावरच बोट ठेवतो.

आणखी एक. चौथाई घेराचे माप खऱ्या गोलाच्या मापापेक्षा सुमारे एकवीस टक्के कमी भरते. सालपट आणि कापणीतली घट धरून ही रीत पडली आहे. तेव्हा या रीतीने माप केल्यावर वर पुन्हा 'सालीची घट' म्हणून कोणी कापू लागला, तर त्याला अडवून विचारावे.

कुठे लावावे, कसे राखावे

उसाला ऊन हवे. त्यामुळे झाड कुठेही लावून चालत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि सावली उत्तरेला पडते. म्हणून ज्या शेताच्या उत्तरेला रस्ता, ओढा किंवा पडीक आहे, त्या कडेला रांग लावावी. सावली बाहेर पडेल. उत्तरेला शेजाऱ्याचा ऊस असेल तर तिथे लावू नये, आणि सामाईक बांधावर तर मुळीच नको. आज लावलेल्या रोपाचे भांडण नातवंडांना कशाला ठेवायचे?

निचऱ्याच्या जागी साग, शिसव, बिवळा, शिवण. ओलीच्या, ओढ्याकाठच्या जागी ताम्हण. पाणी देऊन देऊन जी जमीन चोपण झाली आहे, तिथे बाभूळच तग धरते.

झाडाची मुळे उसाच्या खताकडे धाव घेतात. रांगेपासून काही अंतरावर दोन-अडीच फूट खोल चर काढून ठेवला आणि दर एक-दोन वर्षांनी साफ केला, की मुळांची चढाई थांबते. खालच्या फांद्या लहान असतानाच करवतीने खोडालगत काढाव्यात. कुऱ्हाडीने तोडून खुंट ठेवला तर तो लाकडात गाठ होऊन बसतो आणि गाठीच्या फळीचा भाव पडतो. पावसाळ्यात सागाची पाने अळ्या खातात, पानांची नुसती जाळी उरते. घाबरून फवारे मारू नयेत. झाड त्याने मरत नाही, पुन्हा पालवते.

फड पेटवून पाचट जाळणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आगीची झळ बांधावरच्या खोडाला लागते. साल फाटते, तिथून बुरशी आत शिरते आणि वरून धडधाकट दिसणारे झाड बुडाशी पोकळ होते. मग वखारवाल्याचे "पोकळ निघालं तर" हे बोलणे खरे ठरते. पाचट कुजवले तर जमीन आणि झाड दोन्ही वाचतात.

झटपट श्रीमंतीपासून सावध

१९९० च्या दशकात सागाच्या लागवडीत पैसे गुंतवा, काही वर्षांत कित्येक पट घ्या, अशा जाहिराती देशभर झळकल्या. बऱ्याच कंपन्या बुडाल्या आणि सामान्य माणसांचे पैसे गेले. त्यानंतर १९९९ साली सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. साग काही खोटा नव्हता. त्याच्या वाढीचा दिलेला वायदा खोटा होता. पी हळद अन् हो गोरी, असे झाडाचे होत नाही.

आज तोच वायदा महोगनी आणि चंदनाच्या नावाने ऐकू येतो. रोपे विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही नेमकी जात कोणती? कारण अस्सल महोगनी अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, आणि त्याच कुळातले आफ्रिकेतले वेगळे झाडही त्याच नावाने विकले जाते. दुसरा प्रश्न, सांगितलेल्या वर्षांत गाभा किती तयार होतो? नुसता घेर सांगू नका म्हणावे. तिसरा, परत खरेदीचा करार कोण करतो आणि तेव्हा तो माणूस सापडेल का?

कायद्याच्या चार गोष्टी

झाड आपले, जमीन आपली, तरी तोड आपल्या मर्जीने करता येत नाही. वृक्षतोडीवर नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा आहे. त्याच्या यादीत साग, खैर, चंदन, बिवळा, ऐन, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे आहेत. त्यांच्या तोडीला आधी परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतुकीचा पास लागतो. विरळणी करायची असली किंवा झाड यादीबाहेरचे असले, तरी वन आणि महसूल कार्यालयात आधी चौकशी करावी. शिसवीच्या कुळातल्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत, हे परदेशी मागणीच्या गप्पा ऐकताना ध्यानात ठेवावे.

बांधावरच्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत करता येते. ती जरूर करावी. सरकारी कामासाठी जमीन गेली, वाटणी झाली किंवा तोडीचा अर्ज करावा लागला, तर नोंद नसलेले झाड आपले होते हे सिद्ध करण्यात चपला झिजतात.

गृहपाठ

पाठ आहे तर गृहपाठही हवा. येत्या पाडव्याला घरातल्या शाळकरी मुलाला बरोबर घ्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर प्रत्येक झाडाला गेरूचा पट्टा ओढा. शिंप्याचा टेप लावून घेर मोजा आणि वहीत झाडाचे नाव, फुलाचा महिना, घेर आणि तारीख लिहा. दर पाडव्याला तेच करा. घेर कोणत्या झाडाचा वाढतो, कोणाचा थांबला, कोणते आधी काढायचे, हे तीन-चार वर्षांत वहीच सांगू लागेल.

मग वखारवाला दारी येईल तेव्हा त्याला बांधावर नेण्याआधी ही वही त्याच्यापुढे ठेवा. सौद्याचा सूर तिथेच बदलेल.